हातावर ओतलेलं तूप

औश्याहून लातूरकडं निघालं की थोड्याच अंतरावर एक कच्चा रस्ता आत वळतो. त्या रस्त्याच्या टोकाला जे गाव आहे, तिथल्या सिद्रामप्पाला ओळखत नाही असा माणूस आसपासच्या बारा गावांत सापडणार नाही. तो पुढारी नाही, पैलवान नाही, कीर्तनकारही नाही. थोडं काळं रान, चार म्हशी, मागं मोकळं परसू असलेलं पत्र्याचं घर, एवढाच त्याचा पसारा. त्याची ओळख पंगतीतली. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या घरी लिंगायत गुरूची, जंगमाची पूजा असो, तुपाची तपेली सिद्रामप्पाच्याच हातात द्यायची, हे चाळीस वर्षं न बोलता ठरलेलं होतं.

वाढणारे पुष्कळ असतात. भात ढकलत जातात, वरण सांडत जातात. सिद्रामप्पा तसा नव्हता. धोतराचा काचा मारून तो पंगतीच्या एका टोकाला उभा राहायचा आणि आधी सगळ्या रांगेवर नजर फिरवायचा. कोण लाजरं, कोण भुकेलं, कोण घरी भांडून आलेलं, त्याला दिसायचं. मग वाकायचा. एक पळी भातावर, एक पोळीवर, आणि माणूस नको म्हणाला की तिसरी. "नको म्हनायचं काम तुमचं, वाढायचं काम माझं," असं म्हणायचा. कुणी पानावर हात आडवा धरला तर त्या हातावरच तूप ओतायचा. पंगत हसायची. हात धरणाराही हसत बोटं चाटायचा. त्या मुलखात याला माया म्हणतात.

आरती ही त्याची एकुलती लेक. तिच्यासाठी त्यानं मन्मथ शोधला तेव्हा बायको नागुबाई म्हणाली होती, "उमरी म्हंजे पार नांदेडच्या पल्याड. लेकीचं तोंड कवा दिसंल?" पण मन्मथ लातुरात डाळमिलात मशिनीवर होता, राहायलाही लातुरातच. उमरीला त्याची आई, केवळाबाई, एकटी पिठाची गिरणी चालवायची. ती गिरणी मन्मथच्या बापाची, धोंडप्पाची. धोंडप्पा गेला तेव्हा मन्मथ नऊ वर्षांचा होता. सोयरीक जुळवताना उमरीतल्या एकानं सिद्रामप्पाच्या कानाशी लागून सांगितलं होतं, "बाप पिऊन मेला म्हनतेत. पोरगं चांगलं हाय पन." सिद्रामप्पानं ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. बाजूला ठेवलेली गोष्ट फेकून दिलेली नसते, हे त्याला पुढं कळलं.

जावई मिळाला तो मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. कामाला वाघ, पण पंगतीला बसायचं म्हटलं की अंग चोरायचा. बसला तरी कोरडा भात, थोडं वरण, आणि सगळ्यांच्या आधी पान उचलायला बघायचा. विचारलं तर म्हणायचा, "पित्त होतंय, मामा." एकदा भावकीतल्या लग्नात तो असाच अर्ध्यात उठून गेला आणि मंडपामागं गुडघे पोटाशी घेऊन बसलेला कुणीतरी पाहिला. गावात तेवढं पुरतं. "जो पंगतीत बसत न्हाई, तो दुसरीकडं कुठंतरी बसत असतोय," असं पारावर एकजण म्हणाला, आणि बाकीचे गालात हसले. सिद्रामप्पा हसला नाही. पण विसरलाही नाही.

मग तेवीस साली धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणारा हा महिना जावयाचा. लेकीला जावयासकट बोलवायचं, पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे, तेहतीस अनारसे, आणि वर तूप. आरतीच्या लग्नानंतरचा हा पहिला धोंडा. नागुबाईनं आठ दिवस आधीपासून लोणी कढवलं. सिद्रामप्पानं सगळी भावकी बोलावली. बाहेर सोयाबीन गुडघाभर उभं होतं, आभाळ खाली आलेलं होतं, आणि घरभर अनारशांचा वास.

मन्मथला पाटावर बसवला. पहिला धोंडा त्यानं निम्मा खाल्ला. दुसरा वाढला तेव्हा तो हळूच म्हणाला, "मामा, मला खरंच झेपत न्हाई."

"जावईबापू, धोंड्याच्या दिवशी झेपत न्हाई म्हनत नसतेत."

"दुपारी लातूरला ड्युटी हाय."

"ड्युटीला रजा सांगा, पोटाला न्हाई," भावकीतला एक म्हातारा म्हणाला. सगळे हसले.

मन्मथनं पानावर हात धरला. दोन्ही हात धरले. सिद्रामप्पा वाकला आणि त्या हातांवर तूप ओतलं. गरम होतं. तरी मन्मथनं हात काढले नाहीत. म्हणून सिद्रामप्पानं आणखी ओतलं. शेवटी हात निघाले. पंगतीनं आरोळी दिली. मन्मथनं मान खाली घालून खाल्लं, सगळं खाल्लं, सासऱ्याचा मान म्हणून. आरती दारात उभी होती. तिला नवऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता, पण भावकीसमोर बापाचा हात धरणं तिला जमलं नाही.

चार वाजायच्या सुमाराला परसात म्हशी बांधल्या होत्या तिथं सिद्रामप्पाला मन्मथ दिसला. भिंतीला धरून तो दोन पावलं टाकी आणि वाकून बसे. डोळे लाल, तोंडातनं शब्द नीट निघेना. ओकला होता. सिद्रामप्पानं जवळ जाऊन दंड धरला तर आंबूस वास आला, आणि सोयरीक जुळवताना बाजूला ठेवलेली ती गोष्ट आपोआप पुढं आली.

"कुठं गेला होता जेवून?" त्यानं विचारलं.

"कुठं न्हाई. पोटात... पाठीतनं आरपार निघून राहिलंय, मामा."

"आरपार," सिद्रामप्पा म्हणाला, आणि त्यानं दंड सोडला.

लातूरला एका दवाखान्यात नेलं. पोटात जठरामागं एक ग्रंथी असते, स्वादुपिंड, तिला सूज आली आहे, असं तिथल्या तरुण डॉक्टरनं सांगितलं. सोनोग्राफीत पित्ताचे खडे दिसले नाहीत. डॉक्टर कागदावरनं मान वर न करता म्हणाला, "खडे नसले की बहुतेक दारू असते. पितात का?" मन्मथ पलंगावरनं नाही म्हणाला. डॉक्टरनं पेन थांबवलं नाही. सिद्रामप्पाला जे ऐकायचं होतं ते त्यानं ऐकलं.

पाच दिवस मन्मथला तोंडानं काही न देता सलाईनवर ठेवलं. सूज उतरली. सोडायच्या दिवशी सगळ्या तपासण्या केल्या, त्या ठीक आल्या. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मन्मथ सासऱ्याला म्हणाला, "मामा, म्या जन्मात थेंब घेतला न्हाई. सांगाल तिथं बेल-भंडारा उचलतो."

बेल आणि भंडारा हातात घेऊन देवासमोर खोटं बोलायची हिंमत त्या मुलखात अजून कुणाची होत नाही. पण सिद्रामप्पा म्हणाला, "देवाला मधी घेऊ नको. तुझा बाप बी असंच म्हनत आसंल."

एवढे दिवस तो जावयाला अहोजाहो करायचा. त्या दिवशी अरेतुरेवर आला, आणि मन्मथ एकटाच पायऱ्या उतरून गेला.

आरतीला सिद्रामप्पानं घरी ठेवून घेतलं. ती म्हणाली, "आप्पा, दोन वर्षं झाली म्या त्यांच्या घरात हाय. मला कवा वास आला न्हाई."

"लपवून पिनाऱ्याचा वास बी लपतोय."

"मग तुम्हाला कसा आला?"

नागुबाईनं मध्ये पडून लेकीला आत नेलं. पण आत जाताना नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "जावयाला धोंड्याला बोलावलं आन लेक काढून घेतली. असा धोंडा कुनी बघितला न्हाई."

त्याच दिवशी सिद्रामप्पानं उमरीला केवळाबाईला फोन लावला. पलीकडनं गिरणीची घरघर येत होती. तिला ऐकू जाईना म्हणून तो ओरडून बोलला. "तुमचा मन्मथ दारू पितोय. बापाच्या वाटंनं गेलाय. लेक म्या ठेवून घेतली." पलीकडं गिरणी बंद झाल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. त्याला वाटलं, फोन कटला.

आठ महिने गेले. मन्मथ दोनदा गावात आला. एकदा पारापर्यंत, एकदा दारापर्यंत. दुसऱ्या वेळी सिद्रामप्पानं त्याला बाहेरच उभं केलं आणि म्हणाला, "आधी सोड, मग ये." जी गोष्ट धरलेलीच नाही ती माणूस सोडणार कशी? मन्मथ आरतीकडं बघून निघून गेला. आरती त्यानंतर बापाला ताट वाढायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. घरात तिघंजण, आणि बोलायचं काम एकट्या म्हशींवर पडलेलं.

मार्चमध्ये, हरभऱ्याच्या राशी चालू असताना, आरतीच्या फोनवर डाळमिलातनं फोन आला. मन्मथ मशिनीजवळ पडला होता. पहिला तासभर सगळ्यांना वाटलं, पिऊन पडलाय. कारण तशी बोलवा लातूरपर्यंत पोचलेली होती. गोणी लावणाऱ्या एका बाईला राहवलं नाही म्हणून तिनं रिक्षा बोलावली. आरतीनं पायात चप्पल घातली. बापाला म्हणाली, "म्या चालले. तुम्ही या नाहीतर नका येऊ."

सिद्रामप्पा मागोमाग गेला. का गेला, हे त्याला सांगता आलं नसतं. लेक एकटी जाते म्हणून, आणि आपलं बरोबर होतं हे डॉक्टरच्या तोंडून परत ऐकायला मिळेल म्हणूनही.

या वेळी दवाखाना दुसरा होता, आणि डॉक्टर बाई होत्या. चाळिशीच्या, केस अर्धे पांढरे. मन्मथला आत आयसीयूत घेतलं होतं. बाई बाहेर आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "पित्ताचा खडा नाही. दारू?"

"पितोय," सिद्रामप्पा म्हणाला.

"न्हाई," आरती म्हणाली.

बाईंनी दोघांकडं पाहिलं. "यातलं पाहून कोण सांगतंय आणि ऐकून कोण?"

आरती म्हणाली, "म्या पाहून."

"आणि तुम्ही, बाबा? पिताना कधी पाहिलंत?"

सिद्रामप्पा जमिनीकडं बघत म्हणाला, "न्हाई."

"बरं. मग दारू बाजूला ठेवू आणि बाकीचं शोधू. या आजाराला खडा आणि दारू एवढीच दोन दारं नाहीत." आणि बाई एकेक विचारत गेल्या. फिटची, संधिवाताची, कसली गोळी चालू आहे का? नाही. पोटावर मार बसला, सायकलचं हँडल, म्हशीचं शिंग? नाही. फवारणी करतो का? तो रानात जातच नाही. इतक्यात गालफुगी झाली होती का? विंचू चावला होता का? विंचवाचं ऐकून सिद्रामप्पानं मान वर केली. "विंचवानं बी पोट दुखतंय?" "क्वचित. पण होतं. काही वेळा सगळं शोधूनही कारण सापडत नाही, तेही खरं." मग त्यांनी विचारलं, "जड जेवण झाल्यावर दुखतं का?"

आरती म्हणाली, "म्हनून तर ते पंगतीला बसत न्हाईत."

बाई उठल्या. "आल्या आल्या घेतलेलं रक्त कुठंय?" असं आत कुणाला तरी विचारत गेल्या.

थोड्या वेळानं तपासणीच्या खोलीतनं एक मुलगी बाहेर आली. पांढरा कोट, डोक्याला ओढणी. "आप्पा, ओळखलं का? पाशामियाँची कहकशां. औश्याची." पाशामियाँ म्हणजे औश्याचा पिंजारी. सिद्रामप्पाच्या घरातली प्रत्येक गादी त्यानं भरलेली. आरतीच्या लग्नातलीसुद्धा. "मॅडमनी दाखवायला सांगितलं," कहकशां म्हणाली आणि हातातली काचेची नळी तिनं उजेडाला धरली.

खाली लाल होतं. वर, जिथं पिवळसर पाणी असायला पाहिजे, तिथं पांढरं होतं. घट्ट, सायीसारखं.

"हे काय हाय, दूध?" सिद्रामप्पानं विचारलं.

"तुमच्या जावयाचं रक्त. तीन वर्षं झाली मी इथं रक्त बघून राहिले, असं दुसऱ्यांदाच बघितलं."

"आन हे पांढरं?"

"चरबी, आप्पा. रक्तात दीडशेच्या आत पाहिजे. ह्यांच्यात चार हजार हाय." तिनं नळी खाली घेतली. "मॅडम म्हनल्या, मागल्या वेळी पाच दिवस उपाशी ठेवून तपासलं. तवा ही उतरून गेली आसंल. म्हनून दिसली न्हाई."

सिद्रामप्पानं नळीकडं पाहिलं. चाळीस वर्षं त्यानं तूप थिजताना पाहिलं होतं. त्या नळीत वर आलेलं काय आहे, हे त्याला आणखी कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही. त्याला आरतीकडं बघवेना. ती आयसीयूच्या दाराकडं निघून गेली.

संध्याकाळी बाईंनी त्याला बसवून सांगितलं, की हा दोष जन्माचा असतो, बऱ्याचदा घराण्यातनं येतो. काही माणसांचं रक्त चरबी जिरवत नाही, साठवतं. मन्मथचं शरीर त्याला आपोआप सांगत होतं, कमी खा, तूप टाळ. तो ऐकत होता.

"आन म्या हातावर ओतलं," सिद्रामप्पा म्हणाला.

"काय ओतलं?"

त्यानं सगळं सांगितलं. धोंडा, भावकी, दोन्ही हात, गरम तूप. बाईंनी ऐकून घेतलं. "एका जेवणानं हा आजार होत नाही, बाबा. पण ज्याचं रक्त आधीच असं आहे, त्याला ते जेवण पुरतं. तुम्हाला माहीत नव्हतं."

"त्यो नको म्हनत होता ते म्हाईत होतं."

बाई फाईल उचलून आत गेल्या. सांत्वन करायला त्यांना जमलं नसतं असं नाही, पण खोटं बोलायची त्यांना सवय नसावी.

दोन दिवस मन्मथचं काही खरं नव्हतं. श्वास लागत होता, ताप उतरत नव्हता. सिद्रामप्पा जिन्याखालच्या बाकावर बसून राहिला. नागुबाईनं डबा पाठवला, तो त्यानं उघडला नाही. आपण उपाशी राहिलो म्हणून वर पडलेल्या माणसाच्या रक्तातलं काही कमी होणार नाही, हे कळत असूनही घास उचलेना. त्याला पानावर आडवे धरलेले ते दोन हात आठवत, पारावरचं ते हसणं आठवे, आणि फोनमधली ती शांतता. कटला असं वाटलेला तो फोन कटला नव्हता, हे त्याला आता कळत होतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी आत सोडलं. मन्मथ उशीला टेकून बसला होता, गाल बसलेले. आरती पलीकडं. सिद्रामप्पा पायाशी उभा राहिला. जावयाचे पाय त्यानं दोनदा धुतले होते, लग्नात आणि धोंड्याला. आता त्याच पायांना त्यानं हात लावला तर मन्मथनं पाय आखडून घेतले.

"असं करू नका, मामा."

"म्या चुकलो, मन्मथराव."

"हाव, चुकलात." मन्मथ हळू बोलत होता, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "डॉक्टरनं पोटाचं औषध लिहून दिलं. तुमच्या बोलन्याचं न्हाई लिहिलं."

"काय करू सांगा."

"मला काय करायचं न्हाई. आईला सांगा. तुमचा फोन आला तसं तिनं मला घरात घेतलं न्हाई. आठ महिने. दिवाळीला गेलो तर दाराला कडी. म्हनली, 'एक पुरला म्या, दुसरा बघायचा न्हाई.'" त्यानं डोळे मिटले. "फोन करू नका. जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्रामप्पा लातूरहून नांदेडच्या एसटीत बसला. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. वाटेत तो काय बोलायचं ते मनात जुळवत होता, आणि प्रत्येक वेळी वाक्य 'मला वाटलं' पासून सुरू व्हायचं, म्हणून मोडायचा. नांदेडहून दुसरी गाडी धरून उमरीला पोचला तेव्हा दुपार कलली होती.

गिरणी चालू होती. चार-पाच बाया डबे घेऊन बसलेल्या. केवळाबाई पट्ट्याजवळ उभी, केसांवर, भुवयांवर पीठ. तिनं त्याला पाहिलं आणि काम चालू ठेवलं.

"इहीणबाई, थोडं बोलायचं व्हतं."

"बोला."

"आत बसून..."

"तुमचा फोन आला तवा म्या फोन मोठा करून ठिवला व्हता. गिरनीत काय ऐकू येत न्हाई. ह्याच बाया बसलेल्या व्हत्या. ही, ही, आन ती कोपऱ्यातली." तिनं खटका ओढला. गिरणी घरघरत थांबली. अचानक इतकं शांत झालं की डब्यावर पडणाऱ्या पिठाचाही आवाज आला. "त्यांनी ते ऐकलं. आता काय आसंल ते बी ऐकू द्या. मोठ्यानं बोला."

सिद्रामप्पा बारा गावांच्या पंगतींत कधी अडखळला नव्हता. इथं पहिलंच वाक्य त्यानं दोनदा मोडलं. पण तो बोलला. मन्मथ पीत नाही, कधी पीत नव्हता. त्याच्या रक्तात दोष आहे. तो नको म्हणत असताना मी तूप चारलं, त्यानं तो पडला, आणि पडल्यावर मीच त्याला दारुड्या म्हटलं. न बघता म्हटलं.

कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, "आन तवा केवढं वराडलं व्हतं, बाई. आज आवाज बसलाय जनू."

कुणी हसलं नाही. केवळाबाईनं पुन्हा खटका ओढला आणि बायांची दळणं पुरी केली. एकेकीचा डबा भरून दिला. सिद्रामप्पा पायरीवर उभाच होता. शेवटची बाई गेल्यावर केवळाबाई पदरानं तोंड पुसत पोत्यावर बसली.

"रक्तात काय हाय म्हनला?"

त्यानं नळीचं सांगितलं. वर आलेली साय, जड जेवणानंतरचं दुखणं, पाठीतनं आरपार जाणारी कळ, ओकारी, वाकून बसणं. तो सांगत होता आणि केवळाबाईचा चेहरा बदलत होता, पण त्याला कळलं नाही, तो सांगतच राहिला.

"थांबा," ती म्हणाली.

तो थांबला.

"त्यांचं बी असंच व्हतं. असंच वाकून बसायचे. लग्नातनं जेवून आले आन ह्या हितं, तुम्ही हुबे हाईत तिथं पडले. डॉक्टर म्हनला, दारू. समदं गाव म्हनलं, दारू. त्ये म्हनत व्हते, न्हाई गं, केवळा, न्हाई." ती बोलताना रडत नव्हती. "पानी मागितलं त्यांनी. म्या दिलं न्हाई. म्हनलं, उतरल्यावर पी."

बाहेर रस्त्यावरनं एक टमटम गेली.

"त्यांचं बी रक्तच व्हतं का, आप्पा?"

सिद्रामप्पाला हो म्हणावंसं वाटलं. मग वाटलं, नाही म्हणावं. हो म्हटलं तर ही बाई त्या पाण्यासाठी उरलेला जन्म जळेल. दोन्ही शब्द ओठांपर्यंत आले. पण एकदा न बघता बोललेल्या शब्दाची फळं तो बघून आला होता.

"मला ठाव न्हाई," तो म्हणाला. "घरान्यातनं येतंय म्हनतेत. बापाकडनं का आईकडनं, ते डॉक्टरला बी म्हाईत न्हाई. धोंडप्पांचं कुनाला सांगता यायचं न्हाई आता."

तिनं केसांतलं पीठ झटकलं. मग उठली, आत गेली, लुगडं बदलून एक पिशवी घेऊन आली आणि गिरणीला कुलूप लावलं. ती पुढं चालू लागली. सिद्रामप्पानं पिशवी मागितली, ती तिनं दिली नाही.

त्या दिवशी केवळाबाई आणि मन्मथ दवाखान्यात काय बोलले ते सिद्रामप्पाला माहीत नाही. तो आत गेला नाही. पंधरा दिवसांनी मन्मथ लातुरातल्या आपल्या घरी गेला, गोळ्या सुरू झाल्या, दर दोन महिन्यांनी रक्त तपासायचं ठरलं. आरती लातूरला परत गेली, ती बापाला विचारून नाही, स्वतः पिशवी भरून. जाताना एवढंच म्हणाली, "तवा पंगतीत म्या बी गप्प हुबी राहिले, आप्पा. नुसतं तुमचंच चुकलं न्हाई." त्यानं त्याचं मन हलकं झालं नाही. उलट आपल्यामुळं लेकीच्या डोक्यावरही ते बसलं, असं त्याला वाटत राहिलं.

जावई आता कधीमधी फोन करतो. बोलणं पिकापाण्याचं, पावसाचं. मामा म्हणतो. पण गावाला येत नाही.

पण सिद्रामप्पाला आणखी एक गोष्ट कळली आहे, आणि तीच त्याला बसू देत नाही. त्यानं जे सांगितलं होतं ते एका फोनवर सांगितलं. तेवढंच पारावर गेलं, पारावरनं भावकीत, भावकीतनं बाजारात, डाळमिलात, आणि आणखी कुठं कुठं, ते त्याला माहीत नाही. खरं सांगायला मात्र प्रत्येकाला स्वतः गाठावं लागतं. म्हणून तो गाठतो. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर. सुरुवातीपासून सांगतो, तूपसुद्धा वगळत नाही. लोक कंटाळले आहेत. "कळलं की आता, आप्पा. किती येळा?" म्हणतात.

परवा औश्याच्या बाजारात किल्लारीकडचा एक ओळखीचा माणूस भेटला. सोयऱ्याचा सोयरा. बी-बियाण्याची पिशवी खांद्यावर टाकत त्यानं सहज विचारलं, "आप्पा, तुमचा त्यो पिनारा जावई जगला का वो?"

"बसा जरा," सिद्रामप्पा म्हणाला. "त्यो पीत न्हाई. ते म्या सांगितलेलं. ते खोटं व्हतं."

"माझी गाडी लागलीया, आप्पा."

"दुसरी येतीया की."

"दुसरी पाचला हाय. घरी मानसं वाट बघून राहिली. पुन्यांदा भेटू."

तो घाईनं स्टँडकडं निघाला. सिद्रामप्पा त्याच्या बाजूनं चालत सांगत होता, धोंड्याच्या महिन्यापासून. माणूस हो-हो म्हणत होता आणि फलाटावरची पाटी बघत होता. गाडी सुटायला आली तेव्हा गोष्ट जेमतेम पहिल्या दवाखान्यापर्यंत पोचली होती, जिथं डॉक्टर म्हणतो, दारू असते. अर्धी ऐकलेली ही गोष्ट किल्लारीत जाऊन काय होईल, ते सिद्रामप्पाला दिसलं.

माणूस गाडीत चढला. खिडकीशी जागा धरून बसला. कंडक्टरनं दोरी ओढली.

सिद्रामप्पाचं गाव उलट्या दिशेला होतं. तो दांडी धरून वर चढला, बायाबापड्यांच्या पिशव्या ओलांडत त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसला, आणि म्हणाला, "तर डॉक्टर तसं म्हनला. पन पुढं ऐका."